आधी छप्पर, मग बाकीचं

जून उजाडला की अमेरिकेतल्या केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात चर्चच्या गाड्या दिसू लागतात. आत पंधरा-सोळा वर्षांची मुलं, त्यांच्यासोबत दोन-तीन मोठी माणसं, अंथरुणाच्या वळकट्या आणि सुताराची हत्यारं. सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या शाळेत मुक्काम करायचा आणि दिवसभर कुणा अनोळखी कुटुंबाच्या घराचं काम करायचं. कुठे सडलेली जमीन उखडून नव्या फळ्या ठोकायच्या, कुठे गळकं छप्पर उतरवायचं, कुठे म्हाताऱ्या माणसाला चाकाची खुर्ची घेऊन बाहेर पडता यावं म्हणून दारापुढे लाकडी उतार बांधायचा. मजुरी कुणी घेत नाही. उलट येण्याजाण्याचा आणि सामानाचा खर्च भागवण्यासाठी ही मुलं वर्षभर आपापल्या गावी पैसे गोळा करत असतात.

या उपक्रमाची सुरुवात 1969 साली झाली. ग्लेन इव्हान्स हे मेथडिस्ट पाद्री. त्यांना सगळे ‘टेक्स’ म्हणत. त्यांनी पन्नास स्वयंसेवक गोळा करून केंटकीतल्या बार्बरव्हिल इथे चार कुटुंबांची घरं दुरुस्त केली. त्यातून उभी राहिलेली ‘अॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ ही संस्था आजही तेच काम करते, आणि घर उबदार, सुरक्षित आणि कोरडं करणं एवढंच तिचं उद्दिष्ट आहे. हे शब्द साधे वाटतात, पण घर राहण्याजोगं आहे की नाही याची पुरी कसोटी त्यांत आली आहे. घर सुंदर करणं त्यात नाही, मोठं करणंही नाही.

या भागातली घरं अशी का झाली, हे समजून घ्यायला हवं. अॅपलेशियाच्या डोंगरांत एके काळी कोळसा कंपन्यांनी कामगारांसाठी स्वस्तातली लाकडी घरं बांधली. खाणीत यंत्रं आली, कामगार कमी झाले, पुढे कित्येक खाणी बंद पडल्या. घरं मात्र राहिली आणि त्यांत म्हातारी माणसं राहिली. ज्यांना तेही परवडलं नाही त्यांनी कारखान्यात तयार होऊन गाडीवरून येणारी घरं घेतली. अशा घरांसाठी अमेरिकेत देशपातळीवरचे बांधकामाचे नियम 1976 साली लागू झाले. त्याआधीची घरं पातळ भिंतींची, हिवाळ्यात गारठणारी, आणि त्यांतली काही अजूनही वापरात आहेत. म्हणजे माणूस गरीब असला तरी घराचा मालक असतो. सरकारी कागदावर तो बेघर नसतो, भाडेकरूही नसतो, त्यामुळे बऱ्याच योजनांच्या नजरेतून तो निसटतो. छोट्या दुरुस्तीसाठी बँक कर्ज देत नाही, आणि दूरच्या डोंगरात दोन दिवसांच्या कामासाठी ठेकेदार यायला तयार नसतो.

आता दुरुस्तीबद्दल. लाकडी घराचा खरा शत्रू पाणी. छपरावर चिमणीभोवती पत्र्याची पट्टी बसवलेली असते, ती एका कोपऱ्यात सुटली की पावसाचं पाणी वाशावर उतरतं, वाशावरून भिंतीच्या आत जातं आणि तिथून खाली जमिनीच्या तुळयांपर्यंत पोचतं. गळती एका खोलीत दिसते आणि मूळ भलत्याच ठिकाणी असतं. भिंतीच्या पोकळीतला उष्णतारोधक थर ओला झाला की त्याचा उपयोग संपतो. मग थंडी आत येते, भट्टी जास्त जळते, विजेचं किंवा गॅसचं बिल वाढतं, आणि ते बिल भरता भरता छपरासाठी ठेवलेले पैसे संपतात. ओल राहिली की बुरशी धरते, बुरशीने दमा बळावतो. त्यामुळे जाणती माणसं घरात शिरण्याआधी घराभोवती एक फेरी मारतात, पन्हळी बघतात, पाणी पायापासून लांब जातं की पायाशीच मुरतं ते तपासतात, आणि मग शिडी मागवतात. नवी जमीन कितीही चांगली घातली तरी वरचं छप्पर गळत असेल तर ती दोन-तीन वर्षांत पुन्हा सडते. आधी छप्पर, मग बाकीचं, हा क्रम बदलता येत नाही.

चाकाच्या खुर्चीच्या उताराचंही असंच. नियम असा की एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी हवी. दार जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फुटांचा करावा लागतो, मग अंगणात तेवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून तो वळवावा लागतो. उत्साहाच्या भरात कुणी आखूड उतार बांधला तर खुर्ची चढवताना माणूस मागे कलंडतो. जुन्या रंगाचं तर आणखी अवघड. अमेरिकेत 1978 साली घरगुती रंगात शिसं वापरायला बंदी आली, पण त्याआधीच्या घरांच्या भिंतींवर ते असू शकतं. अशी भिंत कोरडी खरवडली की शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. सदिच्छेने केलेलं रंगकाम कुणाला तरी आजारी पाडू शकतं. म्हणून चांगल्या संस्था मुलांच्या हाती ब्रश देण्याआधी त्यांना आणि त्यांच्यासोबतच्या मोठ्या माणसांना शिकवतात, आणि विजेचं, गॅसचं काम परवानाधारक कारागिरावरच सोडतात.

इतकं सगळं सांभाळून ही माणसं येतात ती श्रद्धेपोटी. या श्रद्धेबद्दल मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की ती हिशोबात उतरलेली आहे. व्याज घ्यायचं का, घरमालकाने स्वतः किती राबायचं, मदत करताना कुणाचा धर्म विचारायचा का, अशा रोखठोक प्रश्नांवर या लोकांनी फार विचार केला, आणि त्याची किंमतही मोजली. ती कशी, हे जॉर्जिया राज्यातल्या एका शेतावर दिसतं.

क्लॅरेन्स जॉर्डन हा मूळचा जॉर्जियाचाच. जन्म 1912 चा. आधी शेतीची पदवी घेतली, मग बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक भाषेत डॉक्टरेट. शेतीचं शास्त्र आणि धर्मग्रंथाची मूळ भाषा हे दोन्ही हाताशी असलेल्या या माणसाने 1942 साली पत्नी फ्लॉरेन्स आणि इंग्लंड आडनावाचं एक मिशनरी दांपत्य यांच्यासह सम्टर परगण्यात अमेरिकस गावाजवळ 440 एकर जमीन घेतली आणि ‘कोइनोनिया’ नावाचं शेत सुरू केलं. तिथे गोरे आणि काळे सारख्या मजुरीवर काम करत आणि एकाच टेबलाशी जेवत. वर्णभेदाच्या कायद्यांनी बांधलेल्या जॉर्जियात रोष ओढवून घ्यायला एवढं पुरेसं होतं. 1950 साली स्थानिक बॅप्टिस्ट चर्चने या लोकांचं सभासदत्व काढून घेतलं. 1956 पासून बहिष्कार सुरू झाला. दुकानदार बी-बियाणं आणि इंधन देईनात, विमा कंपन्यांनी विमे रद्द केले, बँकेचं दार बंद झालं. रस्त्याकडेचं त्यांचं विक्रीचं दुकान स्फोटकांनी उडवलं, रात्री घरांवर गोळ्या झाडल्या. गरिबांसाठी झटणाऱ्या कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे 1957 साली तिथे पाहुण्या म्हणून आल्या आणि रात्रीच्या पहाऱ्यावर बसल्या, तर त्यांच्यावरही गोळीबार झाला. शेताचा माल स्थानिक बाजारात खपेना, तेव्हा जॉर्डन मंडळींनी पेकन नावाचं तिथलं कठीण कवचाचं फळ टपालाने देशभर विकायला सुरुवात केली आणि त्यावर तग धरला.

या शेतावर 1965 साली मिलार्ड फुलर नावाचा तरुण वकील आला. अलाबामातल्या या माणसाने तिशीच्या आतच व्यवसायात लाखो डॉलर कमावले होते. संसार मोडायला आला तेव्हा तो आणि त्याची पत्नी लिंडा यांनी ठरवून सगळी संपत्ती दान केली. 1968 साली फुलर दांपत्य कोइनोनियाला पुन्हा आलं, तेव्हा शेतावर मोजकीच माणसं उरली होती. जॉर्डन आणि फुलर यांनी आजूबाजूच्या काळ्या शेतमजुरांची घरं बघितली. बिनरंगाच्या फळ्यांच्या झोपड्या, आत नळ नाही, संडास नाही. दोघांनी ठरवलं की शेताच्या जमिनीवर अर्ध्या-अर्ध्या एकराचे 42 तुकडे पाडायचे आणि घरं बांधायची. मात्र फुकट द्यायची नाहीत, नफ्यानेही विकायची नाहीत.

इथे हिशोब महत्त्वाचा आहे. पहिलं घर काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, आत स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेलं, सुमारे सहा हजार डॉलर खर्चाचं. वीस वर्षांत बिनव्याजी फेडायचं म्हटलं तर महिन्याला पंचवीस डॉलर येतात. याच रकमेवर आठ टक्के व्याज लावलं तर हप्ता सुमारे पन्नास डॉलरवर जातो. म्हणजे नुसत्या व्याजामुळे घराची किंमत दुप्पट होते, आणि पन्नास डॉलरचा हप्ता शेतमजुराला कधीच झेपला नसता. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात आहे. ती रविवारच्या प्रवचनात ऐकून सोडून देण्याची रीत होती. या दोघांनी ती हप्त्याच्या तक्त्यात घातली. परत आलेल्या हप्त्यांतून पुढचं घर बांधायचं, त्यासाठी वेगळा निधी ठेवायचा, अशी व्यवस्था केली. सावकाराच्या व्याजात पिढ्या बुडालेल्या आपल्या शेतकऱ्यांना या तक्त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पहिलं घर पुरं होण्याआधीच, 29 ऑक्टोबर 1969 ला, जॉर्डन गेला. त्याला साध्या लाकडी खोक्यात घालून शेतावरच्या टेकडीवर पुरलं, थडग्यावर नावही घातलं नाही. फुलर दांपत्य पुढे 1973 ते 1976 आफ्रिकेत झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, म्बांडाका इथे राहिलं आणि तिथेही याच पद्धतीने घरं बांधली. परत आल्यावर 1976 साली त्यांनी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ स्थापन केली. ज्याला घर मिळणार त्याने आधी शेकडो तास स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर राबायचं, हा तिचा पाया. या घामाच्या भांडवलामुळे घर घेणारा माणूस मदतीच्या रांगेत उभा राहत नाही. डॉक्टर, शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी यांच्या शेजारी तोही विटा उचलतो, आणि पुष्कळदा त्या कामात तोच जास्त तरबेज असतो.

जिमी कार्टर यांचं प्लेन्स हे गाव याच सम्टर परगण्यात. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर ते गावी परतले होते. सप्टेंबर 1984 मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी रोझलिन हॅबिटॅटच्या स्वयंसेवकांसह बसने न्यूयॉर्कला गेले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात एक सहा मजली इमारत आगीने पोळून ओसाड पडली होती. छप्पर गेलेलं, मजल्यांना भगदाडं, आत कचऱ्याचे ढीग. तिथे 19 कुटुंबांसाठी सदनिका करायच्या होत्या. माजी राष्ट्राध्यक्ष चर्चमध्ये एकावर एक लावलेल्या खाटांवर झोपले आणि आठवडाभर त्यांनी सुतारकाम केलं. कार्टर हे हौशी नव्हते, चांगले सुतार होते, फर्निचर स्वतः घडवत. त्यानंतर दरवर्षी एक आठवडा दोघं कुठे ना कुठे असे राबत राहिले आणि 14 देशांत चार हजारांहून अधिक घरांवर स्वयंसेवकांसह त्यांनी काम केलं. 2019 साली, वयाची 95 वर्षं पूर्ण झाल्यावर, पडल्यामुळे कपाळाला टाके पडलेले असताना ते नॅशव्हिलला कामावर हजर होते. मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसाने उरलेल्या आयुष्याचं काय करावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कार्टर घराण्याचा महाराष्ट्राशी धागा त्याहून जुना. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन या परिचारिका. 1966 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, त्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारी सेवायोजनेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात 1968 पर्यंत त्यांनी काम केलं. 2006 सालच्या ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कार्टर दांपत्याचा वार्षिक बांधकाम आठवडा लोणावळ्याजवळ मळवली इथे झाला. शंभर घरं उभी करायची होती. देशोदेशींचे स्वयंसेवक आले, ब्रॅड पिट आला, त्यामुळे वर्तमानपत्रांत फोटो बरेच छापून आले. हे काम ख्रिस्ती श्रद्धेतून जन्मलेल्या संस्थेचं, पण घर मिळवण्यासाठी कुणी ख्रिस्ती असावं अशी तिची अट नाही. अमेरिकेत घर ताब्यात देताना बायबल भेट देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. मला त्यात वावगं वाटत नाही, कारण कुटुंबाची निवड तोवर केव्हाच झालेली असते. मदतीच्या आधी श्रद्धा मागणं आणि मदत झाल्यावर आपल्या श्रद्धेची खूण देणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिली गोष्ट जिथे जिथे झाली तिथे लोकांचा विश्वास उडाला, आणि तो उडणं रास्तच होतं.

हॅबिटॅटच्या आधीपासून हेच काम न गाजता करणारा ख्रिस्ती पंथ म्हणजे मेनोनाइट. शस्त्र हाती घ्यायचं नाही हे त्यांचं व्रत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार देणाऱ्या सुमारे 12,000 अमेरिकन तरुणांना देशातच मृदसंधारण, जंगलातले वणवे विझवणं, मनोरुग्णालयांतली सेवा अशी कामं दिली गेली, आणि त्यांत मेनोनाइट सर्वांत जास्त होते. युद्ध संपल्यावर या मुलांना प्रश्न पडला की शांततेच्या काळात आपण काय करायचं. 1950 साली कॅन्ससमध्ये काही तरुण जोडपी सहलीला जमली असताना त्यांनी आपत्तीत मदतीसाठी संघटना काढायचं ठरवलं. तीच पुढे ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ झाली. 1955 साली कॅन्ससमधलं उडॉल हे गाव टोर्नेडोने भुईसपाट केलं, तेव्हा ही माणसं तिथे होती. कॅमेरे निघून गेल्यावरही ती थांबतात, एकेका जागी महिनोन्‌महिने. लाकडी कोठारं एका दिवसात उभी करणारे आमिश पंथाचे शेतकरीही त्यांच्यासोबत येतात.

घरांबरोबर प्रार्थनास्थळांचीही दुरुस्ती झाली. 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्या नागरिकांच्या मतदार नोंदणीची मोहीम चालू असताना त्यांची तीसहून अधिक चर्च जाळली किंवा उडवली गेली. सभा तिथेच भरत, म्हणून रोख तिथेच. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजचे विद्यार्थी रिपली गावाजवळचं जळालेलं अँटिओक चर्च बांधायला गेले. 1996 च्या सुमारास दक्षिणेत पुन्हा काळ्यांची चर्च जळू लागली, तेव्हा अलाबामातल्या बोलिगी इथे क्वेकर पंथाचे आणि मेनोनाइट स्वयंसेवक विटा घेऊन उभे राहिले. कुणा दुसऱ्याचं जाळलेलं देऊळ, मशीद किंवा चर्च आपल्या हाताने पुन्हा बांधणं ही मी श्रद्धेची सर्वांत अवघड आणि सर्वांत खरी कृती मानतो.

या सगळ्यावर टीकाही आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. शिकाऊ मुलांच्या प्रवासावर होणाऱ्या खर्चात स्थानिक सुतार लावले तर काम जास्त होईल आणि गावात रोजगारही राहील, हा एक आक्षेप. अटलांटात अनेक वर्षं वस्तीत राहून काम केलेले रॉबर्ट लप्टन यांनी 2011 साली लिहिलेल्या पुस्तकात असा सवाल केला की अशा मदतीने कुटुंब उभं राहतं की परावलंबी होतं. मला वाटतं, आक्षेप नवख्या हातांपुरता खरा आहे. पण जिथे ठेकेदार येतच नाही आणि कुटुंबाकडे पैसेच नाहीत, तिथे निवड स्वयंसेवक की कारागीर अशी नसतेच. तिथे छप्पर दुरुस्त होतं किंवा होत नाही. टेक्ससमधल्या मिडलंड इथे 1973 साली शेजाऱ्यांनी एप्रिलमधला एक दिवस गरजूंच्या घरांच्या डागडुजीसाठी राखून ठेवला. ती कल्पना देशभर पसरली आणि आज ‘रिबिल्डिंग टुगेदर’ या नावाने चालते. तिच्यात परवानाधारक वीजतंत्री आणि नळकारागीर आपला दिवस फुकट देतात, म्हणजे कसबाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेरची अडचण वेगळीच आहे, आणि ती कागदाची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, विशेषतः काळ्या कुटुंबांत, आजोबांनी घेतलेली जमीन मृत्युपत्राशिवाय मुलांकडे, मग नातवंडांकडे जात राहिली. कागदोपत्री तिचे पंचवीस-तीस सहवारस असतात, काही शिकागोत, काही कॅलिफोर्नियात. घरात राहते एकटी म्हातारी. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर ज्यांची नावं अडकली आहेत त्यांना हे लगेच कळेल. एखाद्या सहवारसाने आपला हिस्सा विकला तर विकत घेणारा कोर्टाकडून सगळ्याच जमिनीचा लिलाव मागू शकतो, आणि या वाटेने काळ्या शेतकऱ्यांची पुष्कळ जमीन गेली. 2005 साली कॅटरिना वादळानंतर कितीतरी कुटुंबांना सरकारी दुरुस्ती मदत नाकारली गेली ती घर त्यांचंच आहे हे सिद्ध करता आलं नाही म्हणून. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकी आपत्ती यंत्रणेने नियम बदलून इतर पुरावे आणि शेवटी स्वयंघोषणाही मान्य केली. मात्र बँकेच्या कर्जासाठी आणि इतर अनेक योजनांसाठी स्पष्ट मालकी अजूनही लागते. म्हणून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन इथे 2005 पासून एक संस्था वारसाहक्काच्या जमिनींचे कागद सोडवण्याचं काम करते. ज्या भागात असे कागद सोडवणारा वकील उपलब्ध असतो, तिथे सुतारकाम शिकलेल्या स्वयंसेवकांच्या श्रमाला सरकारी अनुदानाची जोड मिळू शकते, आणि एका छपराच्या पैशांत दोन छपरं होतात.